नांगर टाकण्याआधी वायच खाली बघा

मालवण, दांडी, चिवला, वायरी, तारकर्ली आणि देवबागच्या समस्त पर्यटन होडीवाल्यांना,

स.न.वि.वि.

हे बोलणं खरं तर जेटीवर उभ्या उभ्या व्हायला हवं होतं. पण हंगामात जेटीवर कोण कोणाचं ऐकतं? एकाचं तिकीट फाटत असतं, दुसऱ्याचं गिऱ्हाईक लाइफ जॅकेटचा पट्टा उलटा बांधून उभं असतं, तिसरा इंजिनाची दोरी ओढून घामाघूम. आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकून ठेवल्या की समुद्राचा विषय चहाच्या कपाबरोबर संपतो. म्हणून लिहून काढलं. जाहीरच लिहिलं, कारण यातलं निम्मं काम आपलं असलं तरी उरलेलं निम्मं सरकारचं आहे, आणि त्यांच्याही कानावर ते जावं.

आधी माझीच गजाल सांगतो, म्हणजे हा परदेश फिरून आलेला शहाणा आपल्याला शिकवायला बसलाय असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली दुपार. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला आठ माणसं स्नॉर्कलिंगला नेली होती. दोन-अडीच वाव, म्हणजे बारा-पंधरा फूट पाणी, तळ दिसत होता. मी नेहमीसारखा नांगर टाकला. सळईचे चार आकडे वळवून वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला, तुमच्या बहुतेकांच्या होडीत आहे तसलाच. तासाभराने निघताना तो उठेना. वारा वाढला होता, बाया ओकायला लागल्या होत्या. होडी नांगराच्या वर आणली, दोर दांड्याला गुंडाळला आणि इंजिनाला झटका दिला. दोन झटक्यांत सुटला. वर आला तेव्हा आकड्यात एक गोळा अडकला होता, साधारण नारळाच्या करवंटीएवढा. हिरवट तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाचा. होडीतल्या एका पोराने तो मागितला. मी दिला. पोर खूश, पोराचा बाप खूश, मला वर पन्नास रुपये.

तो गोळा प्रवाळाचा होता, जिवंत. त्या जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे जे पोर त्याला मांडीवर घेऊन बसलं होतं, त्या पोराहून तो वयाने मोठा असणार. आणि कायद्याने सांगायचं तर २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. मी पन्नास रुपये घेऊन काय विकलं ते तुमचं तुम्ही ठरवा.

लाज याची वाटते की मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. परक्या दर्यात दोन हंगाम मी हेच शिकलो होतो आणि घरच्या दर्यात येऊन विसरलो होतो.

जहाजावरच्या नोकरीतले दोन उन्हाळे मी भूमध्य समुद्रात एका मोठ्या यॉटवर काढले. स्पेनच्या बालेआरिक बेटांमध्ये, पाल्मा, इबिझा, फोर्मेंतेरा असं आमचं फिरणं असे. पहिल्याच आठवड्यात बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, मला नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभं केलं आणि म्हणाला, खाली बघत राहा; फिकट निळं दिसलं तर हो म्हण, गडद दिसलं तर नाही म्हण. फिकट म्हणजे वाळू. गडद म्हणजे गवत. मला वाटलं, गवतात नांगर नीट धरत नसेल म्हणून सांगतोय. तेही खरं आहे, दाट गवतावर नांगर नुसता घसरतो, धरतो तो गवत फाडून खालच्या मुळांत घुसल्यावरच. पण कारण दुसरं होतं. बालेआरिकच्या सरकारने २०१८ मध्ये हुकूम काढून त्या गवतावर नांगर टाकायलाच बंदी घातली होती.

त्या गवताचं नाव पोसिडोनिया. आपण ज्याला शेवाळ म्हणून झटकून टाकतो त्यातलं ते नव्हे. त्याला खरोखरची मुळं असतात, पानं असतात, पाण्याखाली फूल येतं, फळ धरतं. जमिनीवरच्या झाडांचाच भाऊबंद, फार मागे कधीतरी समुद्रात राहायला गेलेला. वाढ अगदी मुंगीच्या पावलाची, आडवं पसरायला वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. पण पसरत राहिलं की थांबत नाही. इबिझा आणि फोर्मेंतेराच्या मधल्या कुरणात सुमारे ८ किलोमीटर लांबीचं एकच रोप असल्याचं संशोधकांनी २००६ मध्ये सांगितलं, आणि त्या पट्ट्याला १९९९ पासूनच जागतिक वारशाचा दर्जा आहे. फोर्मेंतेराचं पाणी जाहिरातीत दिसतं तसं काचेसारखं का असतं, तर हे गवत पाण्यातला गाळ धरून ठेवतं. किनाऱ्याची वाळू लाटांनी ओढून नेऊ नये म्हणून झिजतं तेही हेच. माशांची पिलं त्यातच वाढतात. लोक ज्या पाण्यासाठी लाखो रुपये मोजून येतात ते पाणी गवताने राखलेलं, आणि आलेले लोक त्याच गवतात नांगर टाकणार. कोणाला तरी हे थांबवावं लागलं.

नांगर एकदा टाकून उचलला तर असं काय मोठं होतं, हा प्रश्न तिथेही लोक विचारायचे. फ्रान्सच्या पोर-क्रो राष्ट्रीय उद्यानात काही जणांनी पाण्याखाली बसून मोजलं. १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला. एकदा नांगर टाकून उचलण्यात सरासरी ३४ कोंब उखडले जातात. चौतीस म्हणजे काहीच नाही. पण एका उन्हाळ्यात एका खाडीत किती होड्या थांबतात याचा हिशेब आपल्याइतका कोणाला कळणार? शिवाय तो हिशेब लहान होड्यांचा. मोठ्या यॉटचं नुकसान नांगरापेक्षा साखळी जास्त करते. १० मीटर पाण्यात ४० मीटर साखळी सोडली आणि रात्रभरात वारा फिरला तर ती साखळी तळावर झाडूसारखी फिरते. पुरता फेरा झाला तर तिच्या तावडीत एकराहून जास्त जागा येते. ज्याच्या घरी भातशेती आहे त्याने डोळ्यांसमोर आणावं.

आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, नांगर. जमिनीतला आणि पाण्यातला. मला याची नेहमी गंमत वाटायची. शेतात नांगर फिरवला की मागून पेरणी येते. पाण्यात फिरवला की मागून कोणीच येत नाही.

तिथली एक गोष्ट मला फार आवडली. सरकारच्या लहान होड्या उन्हाळाभर खाडीखाडीत फिरायच्या. एकदा आमचा अंदाज चुकला, नांगर गवताच्या कडेला पडला. दहा मिनिटांत होडी शेजारी. त्यातल्या मुलीने हसून नमस्कार केला, टॅबवर तळाचा नकाशा दाखवला आणि म्हणाली, पन्नास मीटर डावीकडे वाळू आहे, सरकता का? आम्ही सरकलो. दंड आहेच, पण आधी विनंती आणि विनंतीच्या आधी नकाशा. फ्रान्समध्ये तर तळ दाखवणारं ‘डोनिया’ नावाचं मोबाइल अॅपच आहे, कोणीही उघडून बघावं. तिथे २०१९ पासून २४ मीटरहून लांब बोटींना या गवतावर नांगर टाकायची बंदी आली. इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये स्टडलंड नावाचा एक छोटा उपसागर आहे, तिथल्या गवतात समुद्रघोडे राहतात. तिथे २०२१ मध्ये नांगर न टाकण्याचा पट्टा ठरवला तो चक्क स्वेच्छेचा, आणि शेजारी तळाला न घासणारे बोये, म्हणजे होडी बांधायचे तरंगते गोळे, बसवले. म्हणजे नको म्हणताना कुठे चालेल ते आधी दाखवलं.

आता घरी या.

मालवणच्या समुद्रात पोसिडोनियाची कुरणं नाहीत, त्याची ती जात भूमध्य समुद्राबाहेर कुठेच नाही. गवताचे आपले नातेवाईक खाडीत आहेत. कोकण आणि गोव्यातल्या खाड्यांच्या चिखलात हॅलोफिला बेकारी नावाचं एक पिटुकलं गवत उगवतं, नखाएवढी पानं, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडं पडतं आणि पायाखाली आलं तरी कळत नाही. जगभरात ते कमी होतंय म्हणून ते धोक्याच्या यादीत आहे. सुकतीच्या वेळी उथळ चिखलातून पंखा घासत होडी काढली की काय काय कापलं जातं हे मागे वळून कोणी बघत नाही, मीही बघितलं नव्हतं. खाडीत होडी चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. पण माझं आजचं भांडण किल्ल्याभोवतीच्या खडपाशी, म्हणजे पाण्यातल्या खडकांपाशी, होणाऱ्या गर्दीचं आहे, आणि तिथे गवताच्या जागी प्रवाळ आहे. नियम तोच लागतो. फिकट दिसलं तर हो म्हण, गडद दिसलं तर नाही म्हण.

१३ एप्रिल १९८७ ला मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९ चौरस किलोमीटरचं, त्यात ३ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त गाभा क्षेत्र, म्हणजे आपला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूची खडपं. नेमकी तीच जागा जिथे आपण गिऱ्हाईक उतरवतो. आपलं प्रवाळ अंदमान किंवा लक्षद्वीपसारखं नाही, हे टीव्हीवर बघितलेलं गिऱ्हाईक आपल्याला ऐकवतंच. गढूळ पाणी, चार महिने पाऊस, नदीचा गाळ, एवढ्या सगळ्यात जे टिकतं ते आपल्याकडे आहे. चिवट जातीचं. पण चिवट म्हणजे अमर नव्हे. मागच्या दशकात समुद्र तापला तेव्हा मालवणचंही प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत. उन्हाने आजारी पडलेल्या माणसाच्या डोक्यात वर लोखंड घालायचं का, एवढाच प्रश्न आहे.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये याच अभयारण्यात पर्यटनामुळे होणाऱ्या प्रवाळाच्या मोडतोडीवर शोधनिबंध छापला. त्यांना जे मोजावं लागलं ते आपल्याला रोज दिसतं. ताजा तुटलेला भाग पांढराशुभ्र दिसतो, ओला खडू मोडल्यासारखा. काही दिवसांनी त्यावर शेवाळ चढतं आणि ती जागा इतर दगडांसारखी होते. मग आपणच म्हणतो, इथे पूर्वी चांगलं होतं, आता काही नाही, चला जरा पुढे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण किती वेळा ‘जरा पुढे’ गेलो ते आठवा.

याच संस्थेच्या संशोधकांना सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गाजवळच्या पाण्यात जुने दगडी नांगर सापडले आहेत. जहाजं इथे शतकानुशतकं थांबत आली, नांगर टाकणं हा काही गुन्हा नाही. फरक इतकाच की त्या जहाजांना प्रवाळाच्या डोक्यावर थांबायचं काही कारण नव्हतं. आपल्याला आहे. गिऱ्हाइकाला प्रवाळ बघायचंय, त्याला पोहता येत नाही, लांब पोहून न्यायला आपल्याकडे वेळ नाही, म्हणून होडी अगदी वर नेऊन थांबवायची. जी वस्तू दाखवायला आपण पैसे घेतो तिच्यावरच उभं राहून ती दाखवतो.

माझे वडील रापणीवरचे, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे. त्यांना पोहण्याचा चष्मा कधी ठाऊक नव्हता, पण दांडीपासून तारकर्लीपर्यंत पाण्याखाली कुठे पुळण, म्हणजे वाळू, आणि कुठे खडप हे त्यांना अंधारातही कळायचं. प्रत्येक खडपाला नाव होतं. का? जाळं खडपावर गेलं तर फाटतं आणि फाटलेलं जाळं शिवायला आठ दिवस जातात, म्हणून. नांगरालाही त्यांची एक युक्ती होती. दोर नांगराच्या कड्याला न बांधता खाली बुडाशी बांधायचा, दांड्यावरून वर आणायचा आणि कड्यापाशी नुसती सुतळीची गाठ मारायची. नांगर खडपात अडकला तर जोरात ओढायचा, सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. मीही ती युक्ती शिकलो होतो, त्या दुपारी मात्र बांधली नव्हती. सांगायचं हे की खालचं ज्ञान आपल्याकडे होतंच. जाळं आपलं होतं म्हणून खडप सांभाळून टाकलं. आता खडपाचंच दुकान मांडलंय, तर तिथे बेफिकीर?

तुम्ही बेफिकीर आहात असं मात्र मी म्हणत नाही, ते शहरातले लोक म्हणतात. अडचणी मला माहीत आहेत. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत एका खडपाभोवती होड्यांची जत्रा भरते, वाळूवरची जागा आधीच अडलेली असते. वारा वाढला की वाळूत नांगर ओढला जातो, खडपात पक्का बसतो, आणि होडीत लहान मुलं असताना कोण धोका घेईल? फेरी तासाची, पुढची माणसं जेटीवर खोळंबलेली. हे सगळं मान्य करून काही गोष्टी सांगतो, ज्यांना फारसा पैसा लागत नाही.

प्रत्येक होडीवर एक तरी पोरगा पाण्यात उतरणारा असतोच, गिऱ्हाइकाचा हात धरायला. त्याने गिऱ्हाइकाच्या आधी उतरावं, नांगर हाताने नेऊन वाळूत बसवावा. दोन-अडीच वाव पाण्यात याला दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. निघताना पुन्हा त्यानेच खाली जाऊन नांगर मोकळा करावा, मग वर ओढावा. इंजिनाचा झटका द्यायचाच नाही. वाळूत नांगर ओढला जातो तो बहुतेक वेळा दोर आखूड सोडल्यामुळे. सरळ खाली लोंबणाऱ्या दोराने कुठलाच नांगर धरत नाही, ओढ आडवी लागली पाहिजे. पाण्याच्या खोलीच्या निदान चौपट-पाचपट दोर सोडा आणि नांगराशी दोन-तीन वाव साखळी लावा, सळईचा नांगरही वाळूत धरतो. पण मग होडी फिरायला जागा जास्त लागते, म्हणून लांब दोर गर्दीत चालणार नाही. गर्दीत दुसरा मार्ग. एक होडी वाळूत नीट नांगरायची आणि बाकीच्यांनी तिच्या मागे एकामागोमाग दोर बांधायचे. वारा शांत असेल तर तीन होड्या आरामात राहतात. सकाळी बहुतेक दिवस असतोच शांत. आणि स्नॉर्कलिंग अर्ध्या तासाचंच असेल तर नांगर टाकताच कशाला? एक माणूस इंजिनावर बसून होडी खडपापासून लांब ठेवतो, पोरगा माणसांना फिरवून आणतो. यात पंख्याची भीती असते, म्हणून माणसं पाण्यात असताना इंजिन बंद आणि वल्हं हातात. थोडे कष्ट पडतात, नाही असं नाही.

(माशांना पाव टाकायचा विषय मुद्दाम काढत नाही. त्याला वेगळं पत्र लागेल आणि त्यात मला शिव्या जास्त पडतील.)

मागच्या हंगामात एका ओळखीच्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, मी हे सांगत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, “बरा आसा रे सगळा. पण मी पुळणीत टाकलंय आणि बाजूच्यान खडपात टाकल्यान तर गिऱ्हाईक त्येच्याकडे जातला. माझो प्रवाळ वाचलो काय आणि नाय काय.” त्याचं खरं आहे. एकट्याने शहाणं होण्यात तोटा आहे. म्हणूनच हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना आहे. आपल्या संघटना आहेत, दर ठरवायला आपण एकत्र बसतो, दरावरून भांडतो आणि शेवटी एका आकड्यावर येतो. मग खडपावर नांगर कोणीच टाकायचा नाही यावर का येता येऊ नये? तेवढंच ठरलं तरी बाजूच्याची भीती जाते.

आता एक नाजूक विषय. अभयारण्य म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो. १९८७ पासून येतो. मासेमारी बंद करतील, समुद्र आपल्या हातून काढून घेतील, ही भीती आपल्या आधीच्या पिढीने बाळगली, विरोध केला, आणि त्या विरोधाला कारणं होती. न विचारता वरून रेघ मारली की असंच होतं. त्यामुळे प्रवाळाचं नाव काढलं तरी हा त्यांच्या बाजूचा, असा शिक्का बसतो. माझ्यावरही बसेल. पण विचार करा, किल्ल्यामागे नांगर कुठे टाकायचा हे आपणच ठरवून पाळलं, तर वरून रेघ मारायला येणाऱ्याला आपण काही तरी दाखवू शकू. नाही ठरवलं तर एक दिवस तो खडपं मेलेली दाखवेल आणि पाणीच बंद करेल, आणि तेव्हा आपल्याकडे बोलायला तोंड नसेल.

इथून पुढचा मजकूर वन विभागाच्या कांदळवन कक्षासाठी, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डासाठी आणि पर्यटन महामंडळासाठी.

साहेब, आम्हाला फलक नकोत. जेटीवर ‘प्रवाळ वाचवा’ असं लिहिलेला फलक लावून आमच्यातला कोणीही प्रवाळ वाचवणार नाही, कारण फलकाला होडी बांधता येत नाही. आम्हाला बोये हवेत. कायमचे, पक्के, होडी बांधता येतील असे. हे तंत्र नवं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गोला जॉन हालास या जीवशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बसवलं. मेलेल्या खडकात भोक पाडायचं, त्यात स्टीलचा खुंटा सिमेंटने पक्का करायचा, त्याला दोर, दोराच्या वरच्या टोकाला बोया. दोराच्या मध्यावर एक लहान तरंगता गोळा लावला की दोर तळाला घासत नाही. जिथे वाळू आहे तिथे खडकाऐवजी मोठ्या स्क्रूसारखा खांब पिळून बसवतात. आलेली होडी बोया पकडते, दोर बांधते, काम झाल्यावर सोडते. नांगर पाण्याला लागत नाही. सिमेंटचा भला मोठा ठोकळा टाकून मोकळं होऊ नका एवढंच सांगणं, पावसाळ्याच्या लाटांत तो सरकतो आणि दहा नांगरांचं काम एकटा करतो.

पावसाळ्यात बोये टिकणार नाहीत, असं कोणीतरी म्हणेलच. टिकवायचेच नाहीत. मे अखेरीस होड्या बंद होतात तेव्हा दोर आणि बोये काढून किनाऱ्यावर ठेवायचे, खुंटे तळात राहतील. हंगाम सुरू होताना पुन्हा लावायचे, दोर तपासून. हे काम आम्ही करू शकतो, आमच्यात डायव्हिंग शिकलेली पोरं आहेत, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंगची संस्थाच आहे. पैशाचं म्हणाल तर दर गिऱ्हाइकामागे दहा रुपये बोयाचे म्हणून वेगळे घ्या, मी स्वतः द्यायला तयार आहे. अट एकच. ते पैसे बोयालाच लागले पाहिजेत आणि हिशेब जेटीवर लावला पाहिजे. आणि किती होड्या एका बोयावर, कोणत्या खडपाजवळ किती बोये, हे मुंबईत बसून ठरवू नका. ज्यांना खडपांची नावं ठाऊक आहेत अशा चार म्हाताऱ्यांना होडीत घ्या आणि अर्धा दिवस फिरा. नकाशा तयार होईल. तो मोबाइलवर टाका, आमच्या पोरांना वापरता येतो.

निवतीजवळच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करायचा प्रकल्प सरकारने हाती घेतला, याचा आम्हाला आनंदच आहे, धंदा वाढेल. पण जहाजावर नवं प्रवाळ उगवण्याची वाट बघण्याइतका पैसा आणि धीर आपल्याकडे असेल तर किल्ल्यामागे जे आपोआप उगवलेलं आहे त्याला थोडे बोये मिळायला हरकत नसावी. आणि त्या जहाजाशीही होड्या थांबणारच आहेत. तिथले बोये निदान आधी बसवा, पहिली होडी नांगर टाकून गेल्यावर नको.

भावांनो, आता पुन्हा तुमच्याशी. बोये येतील तेव्हा येतील. सरकारी काम आहे, दर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहता वाहता एक-दोन वर्षं जातील. तोवर माझं मी काय करणार ते सांगतो. सळईचा तो नांगर मी ठेवलेला नाही, भंगारात दिला. आता वाळूत रुतणारा फाळाचा नांगर घेतलाय, साखळीसकट. मागच्या बाजूला दोन मजबूत कडी बसवून घेतली आहेत. हंगामात रोज सकाळी किल्ल्यामागे, खडप संपून पुळण सुरू होते तिथे, माझी होडी लवकर जाऊन थांबेल. दोन होड्यांना बांधायची जागा आहे, तिसरीला दुसरीच्या मागे. पैसे नाहीत, विचारायची गरज नाही, दोर टाका आणि बांधा. फक्त तुमचा दोर तुम्ही आणा, माझ्याकडचा गेल्या वर्षी कोणीतरी नेला तो अजून परत आलेला नाही.

तुमचा,
दांडीवरचा एक होडीवाला